एलईडीचा फेड पायऱ्यांनी का उतरतो? १६ बिट डिमिंग नेमकं कुठे अडकतं

लक्षण सगळीकडे एकच असतं. प्रसंगाच्या शेवटी तीस सेकंदांचा फेड आऊट लावलेला असतो. शंभरापासून वीस टक्क्यांपर्यंत उजेड अगदी अलगद उतरतो. त्यानंतर मात्र नटाच्या चेहऱ्यावर तो एकेक पायरी खाली येताना स्पष्ट दिसायला लागतो, आणि शेवटच्या पायरीला फटकन काळोख. पहिल्या रांगेतल्या माणसाचं लक्ष नटावरून उडून वर लाईट टांगलेल्या बारकडे जातं. इतक्या मेहनतीने उभा केलेला शेवट त्या दोन-तीन सेकंदांत सांडतो, म्हणून या दोषाला किरकोळ म्हणून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

राज्य नाट्य स्पर्धेची नाशिक केंद्रावरची प्राथमिक फेरी जवळ आली की ही तक्रार हमखास कानावर येते. साईखेडकर नाट्यगृह असो की कालिदास कलामंदिर, रंगमंचावर मिळणारा वेळ मोजका असतो. त्यातला बराचसा नेपथ्य लावण्यात जातो, आणि प्रकाशयोजना करणाऱ्याच्या वाट्याला उरलेली घाई येते. त्या घाईत कुणीतरी सांगतं, "अरे, लाईट १६ बिटचे आहेत, सॉफ्टवेअरही १६ बिट आहे, मग काय बिघडलं?" बिघाड बहुतेक वेळा दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो. १६ बिट म्हणजे उजेडाची एकच पातळी दोन चॅनेलवर, दोन आकड्यांच्या जोडीने पाठवणं. क्यूपासून, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये साठवलेल्या प्रकाशबदलापासून, एलईडीपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर दोन्ही चॅनेल जोडीने गेले, तरच १६ बिटचा उपयोग. एका ठिकाणी जोडी फुटली की आपण परत २५६ पायऱ्यांवर.

आधी गणित, कारण ते कळलं की अर्धं निदान झालंच. बोर्ड किंवा सॉफ्टवेअरकडून लाईटला आकडे पाठवणारं डीएमएक्स ५१२ हे प्रोटोकॉल १९८६ सालचं. त्यात एका चॅनेलला ० ते २५५ एवढेच आकडे. तीस सेकंदांच्या फेडमध्ये २५५ पायऱ्या म्हणजे एक पायरी साधारण ११८ मिलिसेकंदांची. वर २०० वरून १९९ ला आलं तर अर्धा टक्का उजेड कमी होतो, डोळ्याला पत्ताही लागत नाही. खाली ४ वरून ३ ला आलं की पाव उजेड गेला, २ वरून १ ला आलं की निम्मा गेला. डोळा उजेडाचं प्रमाण मोजतो, आकडा मोजत नाही. आणि दिग्दर्शकाने "शेवटचे दहा टक्के वीस सेकंद खेचा" म्हटलं तर हातात जेमतेम २६ पायऱ्या उरतात, प्रत्येक पाऊण सेकंदाची. मग त्या दिसणारच.

जुन्या हॅलोजनच्या पारकॅनला (डब्याच्या आकाराच्या दिव्याला) याच लाईटच्या बोर्डावर हा त्रास होत नसे, कारण तापलेली तार गार व्हायला वेळ घेते आणि पायरीची धार त्यात आपोआप बोथट होते. एलईडीला असं काही नाही. सांगितलं की त्याच क्षणी कमी.

१६ बिट मोडमध्ये डिमरला, म्हणजे लाईटचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या भागाला, दोन चॅनेल मिळतात. पहिला कोर्स (ढोबळ), दुसरा फाइन (बारीक). कोर्सच्या प्रत्येक पायरीच्या पोटात फाइनच्या २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण ६५,५३६. पण या आकड्याने हुरळून जाऊ नका. पूर्ण ५१२ चॅनेल पाठवताना डीएमएक्सची फ्रेम सेकंदाला जास्तीत जास्त ४४ वेळाच जाते, म्हणजे तीस सेकंदांत साधारण १,३२० वेगळ्या किमती. तेवढ्या पुरेशा आहेत. २५५ च्या जागी १,३२० बरोबर किमती लाईटपर्यंत पोचवायच्या, एवढंच आपलं काम.

आता तपासणी. सगळ्यात आधी हे ठरवा की दिसतंय ते पायऱ्या आहे की फ्लिकर. तोच फेड लागोपाठ काही वेळा चालवा. उडी दर वेळी त्याच पातळीवर येत असेल तर ती पायरी. कधी इथे, कधी तिथे असेल, किंवा कोर्स ५ वर स्थिर ठेवूनही उजेड थरथरत असेल, तर बिट विसरा आणि केबलकडे जा. शेवटच्या लाईटला १२० ओहमचा टर्मिनेटर (लाईनच्या टोकाला लावायचा रोधक) लावलाय का, मधे कुठे माइकची केबल घुसलीय का, एखादी पिन सैल आहे का, हे बघा. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेसारख्या उघड्यावरच्या कार्यक्रमात, जिथे लाईन लांबलचक असते आणि केबल माणसांच्या पायाखालून जाते, तिथे मी आधी केबलच पाहीन. नाट्यगृहात आधी लाईटचा मोड.

तर लाईटचा मोड. मागच्या डिस्प्लेवर मेनूत जाऊन बघा, नेमका कोणता मोड निवडलेला आहे. भाड्याने आलेले एलईडी पार बहुतेकदा आदल्या कार्यक्रमातल्या मोडवरच असतात, आणि लग्नाच्या स्टेजला कमीत कमी चॅनेलचा मोड सोयीचा पडतो. त्या मोडमध्ये फाइन चॅनेलच नसतो. मोड बदलला की चॅनेलची संख्या बदलते, म्हणून पुढच्या सगळ्या लाईटचे पत्तेही (पहिल्या चॅनेलचे क्रमांक) नव्याने द्यावे लागतात. ते विसरलं की एका लाईटचा फाइन दुसऱ्याच्या लाल रंगावर जाऊन बसतो.

यानंतर सगळ्यात उपयोगी चाचणी, आणि तिला दोन मिनिटं लागतात. क्यू बाजूला ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये एकेक चॅनेल हाताने हलवायची जागा असते, क्यूएलसी प्लस या लाईटच्या सॉफ्टवेअरमध्ये तिला सिंपल डेस्क म्हणतात. लाईटचे रंग पूर्ण उघडा, कोर्स १० वर ठेवा आणि फाइन ० व २५५ असा आलटून पालटून करा. लाईट पांढऱ्या कापडावर मारा, हॉल अंधारा करा. डिमर कर्व्ह लिनियर, म्हणजे आकड्याच्या प्रमाणातच उजेड देणारा, असेल तर उजेडात सुमारे एक दशांश फरक दिसला पाहिजे, आणि १० व २५५ ची पातळी ११ व ० च्या किंचित खाली बसली पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर मोड चुकीचा आहे, किंवा त्या लाईटमध्ये फाइन नावापुरताच आहे. असे लाईट बाजारात आहेत. फाइन हलवल्यावर रंग बदलला किंवा स्ट्रोब सुरू झाला तर चॅनेलचा क्रम चुकलाय. आणि फाइन सावकाश ० पासून २५५ पर्यंत नेताना उजेड दोन-चार टप्प्यांतच वाढला, तर लाईटच्या आतल्या ड्रायव्हरची कुवतच तेवढी आहे. तिथे सॉफ्टवेअर काहीही करू शकत नाही, हे लवकर कळलेलं बरं.

ड्रायव्हरबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. एलईडी मंद करताना ती अतिशय वेगाने चालू-बंद केली जाते, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. बऱ्याच लाईटच्या मेनूत त्याची फ्रिक्वेन्सी बदलता येते. कॅमेऱ्यात पट्टे येऊ नयेत म्हणून शूटिंगवाले ती वर नेऊन ठेवतात. पण साध्या ड्रायव्हरमध्ये फ्रिक्वेन्सी वाढली की पायऱ्या घटतात. १६ मेगाहर्ट्‌झचं घड्याळ आणि २५ किलोहर्ट्‌झचा पीडब्ल्यूएम असेल तर एका आवर्तनात ६४० टप्पेच बसतात, मग तुम्ही ६५ हजार पाठवा नाहीतर लाख. प्रयोगाचं चित्रीकरण नसेल तर फ्रिक्वेन्सी खाली आणून तीच चाचणी परत करून बघा.

लाईट पास झाला की फिक्श्चर प्रोफाइल, म्हणजे त्या लाईटचा कोणता चॅनेल काय करतो याची सॉफ्टवेअरमधली नोंद. आपल्याकडे येणाऱ्या अनेक पारवर नाव एका कंपनीचं, आतला बोर्ड दुसऱ्याच कुणाचा, आणि माहितीपुस्तक तर नसतंच. मग यादीतलं सगळ्यात जवळचं दिसणारं प्रोफाइल निवडलं जातं आणि घोळ तिथून सुरू होतो. दुसऱ्या चॅनेलला प्रोफाइलमध्ये साधी इंटेन्सिटी म्हणून नोंदलं असेल, तर सॉफ्टवेअर त्याला वेगळाच डिमर समजतं आणि तसंच वागवतं. क्यूएलसी प्लसमध्ये फिक्श्चर डेफिनिशन एडिटर उघडा आणि चॅनेलच्या गुणधर्मांत कोर्स म्हणजे एमएसबी आणि फाइन म्हणजे एलएसबी अशी खूण बरोबर आहे का ते पाहा. काही लाईटमध्ये फाइन लगेच कोर्सच्या मागे येतो, काहींमध्ये सगळे फाइन शेवटी एकत्र असतात. अंदाज लावू नका, वरच्या चाचणीत जो चॅनेल खरोखर फाइनसारखा वागला तोच लिहा. स्वतःचं प्रोफाइल बनवायला थोडा वेळ जातो, पण संस्थेकडे ते कायमचं राहतं.

इथवर सगळं ठीक असूनही फेड पायऱ्यांनीच उतरत असेल तर दोष फेडच्या हिशोबात असतो. माझ्या मते हीच जागा सगळ्यात कमी लोक तपासतात.

समजा क्यूमध्ये कोर्स २५५, फाइन २५५ असं भरलंय आणि ते ० व ० ला न्यायचंय. सॉफ्टवेअरने दोन्ही चॅनेल स्वतंत्रपणे उतरवले तर काय होतं? २५५ व २५५, मग २५४ व २५४, मग २५३ व २५३. दोघं हातात हात घालून उतरतात. जोडीची किंमत काढली तर प्रत्येक पायरी २५७ ची, आणि पायऱ्या तेवढ्याच, २५५. स्क्रीनवर दोन चॅनेल हलताना दिसतात, लाईटही १६ बिटमध्ये आहे, आणि तरीही हातात ८ बिटचाच फेड. दोन फेडर एकाच वेळी सारखे ओढले किंवा एकच फेडर दोन्ही चॅनेलना जोडला तरी हेच होतं. त्याहून वाईट म्हणजे दोन मधल्या पातळ्यांमधला फेड. कोर्स २०, फाइन १० वरून कोर्स १०, फाइन २०० ला जाताना कोर्स उतरतो आणि फाइन चढतो, त्यामुळे उजेड एक पाऊल खाली आल्यावर किंचित वर सरकतो आणि मग पुन्हा खाली पडतो.

हे ओळखायला मॉनिटर पुरतो. डीएमएक्सच्या किमती आकड्यांत दाखवणारी खिडकी उघडा आणि एक लांब फेड लावा, साठ सेकंदांचा चालेल. फेड खरा असेल तर कोर्सचा एक आकडा बदलेपर्यंत फाइन भराभर पूर्ण फेरा मारतो, डोळ्याला वाचताही येत नाही इतक्या वेगाने. फाइन जर कोर्सच्याच चालीने शांतपणे उतरत असेल तर निदान झालं. उपाय दोनच. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्या किंवा जोडीचा हिशोब एकत्र करणारं दुसरं सॉफ्टवेअर वापरा. प्रयोग उद्यावर आला असेल तर फाइन ० वर बांधून ठेवा आणि खाली ८ बिटसाठी सांगितलंय तसं करा. निदान उलटा चढणारा फाइन तरी त्रास देणार नाही.

सगळ्या लाईटचा उजेड एकदम कमी-जास्त करणाऱ्या ग्रँड मास्टरचाही हाच रोग. मास्टर पन्नास टक्क्यांवर आहे आणि सॉफ्टवेअर दोन्ही चॅनेल वेगवेगळे निम्मे करतंय असं धरा. क्यूची किंमत १०० व २५५ असताना बाहेर जातं ५० व १२७. पुढचंच पाऊल १०१ व ०, त्याचं निम्मं होतं ५० व ०. म्हणजे फेड वर जातोय आणि बाहेरचा उजेड अर्धी पायरी खाली पडतो. फेडभर असे दात पडत राहतात. हे तपासायला मास्टर पूर्ण शंभरावर नेऊन तोच क्यू चालवा. दात गेले तर गुन्हेगार सापडला. प्रयोगात मास्टर शंभरावरच ठेवा आणि पातळ्या क्यूमध्येच कमी करा.

एचटीपीचा घोळ याचाच भाऊ. दोन क्यू एकाच लाईटवर आले की जास्त किंमत जिंकते, हा एचटीपीचा नियम दोन्ही चॅनेलना वेगवेगळा लागला तर पहिल्या क्यूचे १०० व १० आणि दुसऱ्याचे ५० व २५० मिळून १०० व २५० तयार होतं. अशी किंमत कुणीच मागितलेली नव्हती. फाइनला एचटीपीतून काढा, किंवा त्या लाईटवर एका वेळी एकच क्यू ठेवा.

मिडी फेडर बोर्ड वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की साध्या मिडी फेडरचे आकडे ० ते १२७ असतात. म्हणजे हाताने फेड ओढताना तुम्ही ८ बिटच्याही निम्म्यावर असता, लाईट कितीही भारी असला तरी. लांब फेड बटणाने सुटणाऱ्या, वेळ भरलेल्या क्यूवर टाका. नटाचा श्वास पाहून सोडायचा असेल तरी बटण त्याच्या श्वासाबरोबर दाबता येतं, पुढचा उतार यंत्राला करू द्या.

लॅपटॉपमधून डीएमएक्स बाहेर काढणाऱ्या डोंगलचा दोष वेगळा दिसतो. तो फक्त खालच्या दहा टक्क्यांत नसतो. ऐंशी-सत्तर टक्क्यांतही फेड अडखळत, कधी भरभर कधी थांबून, असा चालतो. स्वस्त यूएसबी डोंगलमध्ये स्वतःचा प्रोसेसर नसतो, डीएमएक्सचं वेळापत्रक लॅपटॉपलाच सांभाळावं लागतं. लॅपटॉप अपडेट उतरवायला लागला की फ्रेम मागेपुढे होतात. इंटरनेट बंद करा, बॅटरी वाचवणारा मोड काढा आणि आउटपुटची फ्रिक्वेन्सी चाळीसच्या आसपास नेऊन बघा. काही लाईटना तो वेग झेपत नाही आणि ते चमकायला लागतात. मग तीसवर या. जमत असेल तर प्रोसेसर असलेला डोंगल घ्या, या एका खर्चाचा मला कधी पश्चात्ताप झालेला नाही. आर्टनेट (नेटवर्कवरून डीएमएक्स पाठवायची पद्धत) वापरत असाल तर प्रयोगाला वायफाय नको, लॅन केबलच टाका.

राहिला कर्व्ह. लिनियरपेक्षा स्क्वेअर कर्व्ह (आकड्याच्या वर्गाप्रमाणे उजेड देणारा) डोळ्याला सरळ वाटतो, म्हणून तो लावणं योग्यच. पण एकाच जागी. लाईटमध्येही स्क्वेअर आणि सॉफ्टवेअरमध्येही स्क्वेअर असेल तर फेडर पन्नासवर असताना उजेड जेमतेम सहा टक्के निघतो आणि फेडचा अर्धा वेळ जवळजवळ अंधारात जातो. ८ बिट लाईटला सॉफ्टवेअरमधून स्क्वेअर कर्व्ह दिला तर ० ते १५ पर्यंतचे सगळे आकडे शून्यच होतात, म्हणजे ज्या जागी पायऱ्या हव्या होत्या तिथल्याच खाल्ल्या. म्हणून ८ बिटला कर्व्ह लाईटच्या मेनूतूनच द्यावा.

त्याच मेनूत बऱ्याचदा डिमर स्पीड किंवा हॅलोजन अशा नावाचा पर्याय असतो. तो आलेल्या दोन किमतींमधली जागा स्वतः भरून काढतो, हॅलोजनच्या तारेसारखा. साध्या लाईटवर याचा परिणाम थक्क करणारा असतो. फक्त झटक्यात हवा असलेला ब्लॅकआऊट मग किंचित रेंगाळतो, तेव्हा दिग्दर्शकाला आधी दाखवून घ्या.

ज्या पारमध्ये मास्टर डिमरच नाही, फक्त लाल-हिरवा-निळा आहे, तिथे मंद होताना रंगही ढळतो. लाल २५५, हिरवा १००, निळा १० असा संध्याकाळचा रंग पाच टक्क्यांवर आणला तर लाल १३, हिरवा ५, आणि निळा अर्धा, म्हणजे एक किंवा शून्य. गोदाकाठच्या सांजेचा रंग धरला होता आणि उतरता उतरता तो भलताच होऊन बसतो. अशा लाईटवर शेवटचा फेड टाकूच नये.

आणि संस्थेकडे फक्त ८ बिट लाईट असतील तर? तेव्हाही हात बांधलेले नसतात. पहिली युक्ती जेलची. लाईटवर ०.६ चा न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे रंग न बदलता फक्त उजेड कमी करणारा, फिल्टर लावला की पाव उजेडच बाहेर येतो. आधी वीस टक्क्यांवर, म्हणजे ५१ पायऱ्यांत चालवत होता तो लाईट आता ऐंशी टक्क्यांवर चालतो आणि २०४ पायऱ्या मिळतात. शेवटची फटकन होणारी पायरीही पाव होते. दुसरी, एका जागेवर तीन-चार लाईट पडत असतील तर त्यांचे फेड एकाच क्षणी संपवू नका. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने पुढेमागे करा, म्हणजे पायऱ्या एकमेकांच्या मधे पडतात. तिसरी, फेडचे दोन तुकडे करा. शंभरावरून आठ टक्क्यांपर्यंत हवा तितका वेळ घ्या, आणि तिथून शून्यापर्यंत दीड सेकंदात. त्या दीड सेकंदात साधारण वीस पायऱ्या इतक्या लागोपाठ येतात की डोळा त्या मोजू शकत नाही. एखादा हॅलोजन स्पॉट शिल्लक असेल तर शेवटचा चेहरा त्याच्यावरच ठेवा.

लाईट भाड्याने घेत असाल तर ही सगळी तपासणी नाट्यगृहात करायला जाऊ नका. गाडीत माल चढवण्याआधी गोडाऊनवरच लॅपटॉप आणि डोंगल घेऊन जा आणि प्रत्येक पारवर १० व ०, मग १० व २५५ ची चाचणी घ्या. एकाच नावाच्या दहा पारमध्ये दोन-तीन वेगळ्या फर्मवेअरचे निघू शकतात. जे पास होतील त्यांच्यावर चिकटपट्टी लावून मोड आणि पत्ता लिहा, आणि ते चेहऱ्यांसाठी व सायकसाठी (मागच्या मोठ्या पडद्यासाठी) राखा. नापास झालेले मागच्या बाजूला, रंगासाठी चालतील.